सोमवारचा टँक

"आजींना अटेंडंट लिहू," गौरी म्हणाली. आणि माझ्या मुलाने मान हलवली.

माझ्याच घरात. मी केलेला चहा त्यांच्या पुढ्यात होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी रिकामा ट्रे घेऊन उभी होते. कोणी वळून बघितलं नाही. नाव माझं लिहायचं होतं, पण विचारायचं मुलाला.

गौरी म्हणजे निखिलची बायको. निखिल माझ्या मुलाच्या कंपनीत. दोघं पुण्याची. बंगळुरात येऊन चार वर्षं झाली, पण कन्नड येतं ते 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढंच. रविवारी सकाळी आमच्या येलहंक्याच्या फ्लॅटवर आली होती, मुलाला घेऊन. परीक्षा संपल्या होत्या. दोन्ही घरांनी मिळून एक दिवस पोहायला जायचं, डबे न्यायचे, दिवसभर पाण्यात काढायचा, असा बेत चालला होता.

माझ्या सुनेने, अश्विनीने, आधी पालिकेच्या टँकचं नाव काढलं. जवळ आहे, तिकीट काढलं की झालं.

"ई! नको गं अश्विनी," गौरी म्हणाली. "पब्लिक पूल? तिथे कोणीही उतरतं. कामवाल्यांची पोरंसुद्धा. त्या पाण्यात डोकं बुडवायचं? मला नुसत्या विचारानेच कसंतरी होतं." तिने खरंच अंग शहारून दाखवलं. मग म्हणाली, "माझे मामा क्लबचे मेंबर आहेत. बसवनगुडीच्या बाजूला. जुना क्लब आहे, पण एकदम क्लीन. क्राउडपण आपल्यासारखं."

तिने क्लबचं नाव सांगितलं.

अश्विनीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. माझा मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. त्या क्लबात मी बावीस वर्षं टँक घासला. हे घरात तिघांना ठाऊक होतं. त्यातले दोघे तेव्हा सोफ्यावर बसले होते आणि तिसरी ट्रे घेऊन दाराशी उभी होती.

"एका मेंबरवर सहाच गेस्ट," गौरी बोटं मोजत म्हणाली. "आपण चौघं, मुलं दोन. झाले सहा. सगळ्यांनी आधारचे फोटो ग्रुपवर टाका, मामांना पाठवायचेत."

"आणि आजी?" माझी नात तनु म्हणाली. नऊ वर्षांची आहे. शाळेत पोहायला शिकलीय. तिला वाटतं जगात सगळ्यांना पोहायचं असतं.

तेव्हा गौरीने तो तोडगा काढला. "आजींना अटेंडंट लिहू. सामानाजवळ बसायला एक बाई चालते, सहांत धरत नाहीत. आणि अटेंडंटचा आयडीपण लागत नाही."

आयडी लागत नाही म्हटल्यावर माझ्या मुलाचे खांदे खाली आले. इतका वेळ ताठ होते. मी त्याला पाठीवर घेऊन वाढवलंय, त्याचे खांदे मला कळतात.

"बेस्ट," तो म्हणाला. "आईला तसंही कुठे पाण्यात उतरायचंय."

का सुटला तो, ते सांगते. माझ्या आधार कार्डावर कांबळे आहे. त्याच्या कार्डावर नाही. कंपनीत लागल्यावर त्याने आडनाव बदललं, गावाच्या नावाला 'कर' लावून घेतलं. नाव सिद्धार्थ ठेवलं होतं. घरी सिदू. ऑफिसात सिड. म्हणजे आडनाव कापलं, नावही कापलं, पुढचा तुकडा तेवढा ठेवला. माझं कार्ड ग्रुपवर गेलं असतं तर सगळ्यांनी आई कांबळे आणि मुलगा भलताच असं वाचलं असतं. अटेंडंटचं नाव कोण वाचतो?

दुसरी गोष्ट. आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. मराठी माणसाला नाव सांगायला नको. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिली वस्तू आणली ती हीच. चूल नव्हती, फोटो होता. पाहुणे यायचे असले की सिदू तो फोटो काढून माझ्या खोलीत आणून ठेवतो. भिंतीला टेकवून, जमिनीवर. त्याच खिळ्याला वारलीचं चित्र लावतो. फोटो माझ्या खोलीत आला की मी समजते, आज ऑफिसची माणसं येणार. विचारावं लागत नाही. चहाचं आधण ठेवते.

त्या रविवारीही फोटो माझ्या खोलीत होता. जमिनीवर.

मी निपाणीकडची. चौथी शिकले, मराठी शाळेत. आप्पा, माझा बाप, रोजाने विहिरी खणायला जायचा. विहिरीला झरा फुटला की पहिल्या पाण्यात उभा असायचा तो. गुडघाभर, चिखलात. मग मालक नारळ फोडायचा, आणि आप्पाला वर काढायचे. त्यानंतर त्या विहिरीत मालकाच्या म्हशी पोहायच्या. आप्पाला तहान लागली तर ओंजळ धरून काठापासून दहा पावलं लांब उभं राहायचं. मी त्याची भाकरी घेऊन जायचे, तेव्हा बघितलंय.

लग्न होऊन बंगळुरात आले. नवरा एका कचेरीत शिपाई होता. सिदू सहा वर्षांचा असताना तो गेला. ओळखीच्या एका बाईने क्लबात नेलं. तिथल्या सुपरवायझरने पहिलाच प्रश्न विचारला, "याव जन?" कुठल्या लोकांतली, म्हणजे जात काय. मी सांगितली. तो म्हणाला, "सरी. मग तुला जमेल."

जमलं. बावीस वर्षं जमलं.

टँक जुना. पाणी गाळायचं मशीन तेव्हा नव्हतं. रविवारी संध्याकाळी बूच काढायचे, पाणी रात्रभर बागेत जायचं. सोमवारी सकाळी सातला मी शिडीने खाली उतरायचे. हातात ताराचा ब्रश, खराटा, ब्लीचिंग पावडरची बादली. वरून सगळ्यांना टँक निळा दिसतो. खाली तो कसा असतो ते मला विचारा.

केसांचे गुंते, बोटभर जाड, भिजलेल्या उंदरासारखे. जखमेच्या पट्ट्या, आतल्या बाजूने पिवळ्या. थुंकी वाळत नाही, तळाला चिकटते, तिला पाणी लागून ती बुळबुळीत होते, नखाने खरवडावी लागते. सुपारीचे तुकडे. पायाच्या अंगठ्याचं अख्खं नख. बाजूच्या फरशीवर सगळ्यांच्या अंगच्या तेलाची एक रेघ उठायची, काळी, टँकभर, जिथवर पाणी होतं तिथवर. ती ब्रशने जात नाही. खापराने घासायची. उथळ बाजूला सकाळी ऊन पडलं की मुताचा वास यायचा. ते पोरांचं असतं असं म्हणतात. खोल बाजूलाही यायचा. खोल बाजूला पोरं जात नाहीत.

स्वच्छ माणसं ही. बाहेर येताना गुलाबी, टवटवीत. मी त्यांच्या अंगावरचं सगळं उचललंय. माझ्याइतकं त्यांना त्यांच्या आयाही ओळखत नसतील.

दुपारपर्यंत घासून व्हायचं. मग सुपरवायझर वर चावीपाशी उभा राहायचा. पाणी सोडायच्या आधी मी वर यायला हवं. असा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. एकदा माझा ब्रश खोल बाजूला राहिला म्हणून परत उतरले, तेवढ्यात त्याने चावी सोडली. पाणी पायाला लागलं. चार बोटं असेल. गार होतं. मे महिना होता. मी हलले नाही. दोन मिनिटं. जन्मात तेवढंच.

त्याने चावी बंद केली. बूच काढायला लावलं. तेवढं चार बोटं पाणी सोडून दिलं, आणि जिथे मी उभी होते तिथला तळ मला पुन्हा घासायला लावला.

मी घासला. घरात पोर होतं. त्या दिवशी मला राग आला नाही, हे मी लपवत नाही. नुसती पाठ दुखली.

आणि दातांचं सांगते. एका सोमवारी जाळीत दातांची कवळी मिळाली. वरची. केसांच्या गुंत्यात अडकलेली. मी ऑफिसात कळवलं. ज्याची कवळी तो मेंबर स्वतः आला, मोठा वकील होता. मी हात पुढे केला. तो मागे सरकला.

"केळगे इडु," म्हणाला. खाली ठेव.

मी खाली ठेवली. टँकच्या काठावर, जिथे शंभर माणसांची ओली पावलं पडतात. त्याने ती तिथून उचलली, नळाखाली धरली न धरली, आणि माझ्यासमोर तोंडात घातली. टाळ्याला बसवली. चटक असा आवाज आला.

जाळीतल्या घाणीची त्याला किळस नव्हती. काठावरच्या पावलांची नव्हती. माझ्या हाताची होती. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. आजही कोणी चटक आवाज केला की मला तो माणूस दिसतो.

त्या पगारावर सिदू इंजिनिअर झाला. फीच्या पावत्यांना ब्लीचिंगचा वास यायचा, तो म्हणायचा, "आई, हात धुऊन दे." हात धुऊनच दिलेले असायचे. तो वास कातडीत गेला होता.

आता बेताच्या रविवारकडे येते.

मधल्या आठवड्यात तनु शिवणाची टेप घेऊन माझ्या खोलीत आली. "आजी, हात वर कर." छाती मोजली, कंबर मोजली. "आजी, तू मोठी आहेस."

"म्हातारी आहे. मोठी नव्हे."

"तिथे साडी चालत नाही. कॉश्च्युम लागतो. आईने फोनवर मागवलाय, पूर्ण हातांचा, पायापर्यंतचा. तू माझ्याबरोबर उतरणार. मी तुला धरीन."

"तुझा बाप काय म्हणतो?"

"पप्पांना सांगायचं नाही असं आई म्हणाली."

कॉश्च्युम आला. काळा. अश्विनीने तो तनुच्या टॉवेलखाली पिशवीत घातला, आणि मला म्हणाली, "आत्या, बघू तिथे गेल्यावर." बेळगावची पोर आहे, सासूला आत्याच म्हणते. वाईट नाही. पण तिचं सगळं बघू तिथे गेल्यावर असतं.

मी आधार कार्ड कमरेच्या बटव्यात घातलं.

शनिवारी सिदू माझ्या खोलीत आला. पलंगावर बसला नाही, दाराशीच उभा राहिला. "आई, उद्या तिथे जुनं काही बोलू नकोस."

"जुनं म्हणजे?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय."

"कळतंय. तू म्हण."

तो वळला. गेला.

रविवारी दहाला पोचलो. गेटाला नवीन रंग. आत टँक दिसत होता, निळा. पाण्यामुळे तळ दिसत नव्हता. खोल बाजूच्या कोपऱ्यापासून अकरावी फरशी तिरकी बसलीय, माझा अंगठा दोनदा तिच्यावर फुटलाय. ती आहे का बघायला मी मान उंच केली. भिंतीवर पाटी होती, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. तनुने मोठ्याने वाचली आणि मला मराठीत सांगितली, "आया, ड्रायव्हर आणि नोकर यांनी पाण्यात उतरू नये." मग म्हणाली, "आजी, तू तर यातलं काहीच नाहीस."

गेटाशी टेबल. टेबलावर रबराचे पट्टे, मनगटात घालायचे. निळे पाहुण्यांना. पिवळा अटेंडंटला. पिवळं मनगट असेल त्याने दोरीच्या पलीकडे बाकावर बसायचं. टेबलामागे बसण्णा. माझ्या वेळी तो माळी होता. तेव्हा मिशा काळ्या होत्या.

त्याने सहा निळे मोजून दिले. मग पिवळा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि उठून उभा राहिला.

"अक्का! सोमवारद अक्का! नीवा?"

सोमवारची अक्का, तुम्ही? असं. तिथे मला तेच नाव होतं. मग सगळ्यांकडे बघत, खूश होऊन, मोठ्याने म्हणाला, "इप्पत्तेरडु वर्ष टँक तिक्किदारे, नम्म अक्का!" बावीस वर्षं टँक घासलाय आमच्या अक्काने. अभिमानाने म्हणाला. त्याला काय ठाऊक.

गौरी हसत सिदूला म्हणाली, "काय म्हणतायत हे काका?"

माझ्या मुलाला कन्नड माझ्याइतकं येतं. गल्लीत कन्नड पोरांत वाढला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "दुसऱ्याच कोणाशी तरी गल्लत झालीय त्यांची."

"होतं तसं," गौरी म्हणाली. "या वयात सगळ्या सारख्याच दिसतात."

आणि सिदू हसला.

त्या हसण्याची मला किळस आली. थुंकीची आली नव्हती इतकी. वकिलाच्या दातांची आली नव्हती इतकी. परक्याची घाण खरवडता येते. ही माझ्याच पोटची होती. फीच्या पावत्यांना वास येतो म्हणणारं तोंड, तेच आता मला या गेटावर पुसून टाकत होतं. सुपरवायझरने निदान चार बोटं पाणी सोडून दिलं होतं. हा आख्खी बावीस वर्षं सोडून देत होता.

बसण्णाला मराठी येत नाही. तो अजून हसत माझ्याकडे बघत होता.

मी गौरीला म्हणाले, "गल्लत नाही. तो म्हणतो, मी इथे बावीस वर्षं टँक घासला. खरं आहे ते. सोमवारी घासायचे. तुझ्या मामांच्या पायाखालची फरशीसुद्धा मीच घासलीय."

"आई," सिदू म्हणाला.

मी बटव्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "आणि हे माझं कार्ड. मी अटेंडंट नाही. मी याची आई आहे. नाव वाच."

गौरीने वाचलं. एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा सिदूकडे.

"तरीच," ती म्हणाली.

एवढंच. एक शब्द. तेवढ्यात तिने चार वर्षांचं सगळं जुळवून घेतलं. मग लगेच चेहरा सावरून म्हणाली, "अहो पण आजी, मग काय झालं? आम्ही असलं काही मानत नाही. कुठलंही काम छोटं नसतं." बोलता बोलता तिने आपल्या मुलाचा हात धरून त्याला जरा जवळ ओढलं. तिचं तिलाही कळलं नसेल. मला कळलं. मी तशी पावलं मागे जाताना आयुष्यभर बघितली आहेत.

निखिल म्हणाला, "अरे सिड, बोलायचं ना यार." आणि घड्याळ बघितलं.

बसण्णाला कळेना काय झालं. पिवळा पट्टा त्याच्या हातात तसाच. हळू आवाजात म्हणाला, "अक्का, काय करू? सहाच निळे आहेत." कन्नडमध्ये. त्याची चूक नव्हती.

"तुझ्याकडचा नको," मी म्हणाले. मग मुलाकडे वळले. "सिदू, तुझा काढ. मला दे. तू पिवळा घाल आणि सामानाजवळ बस. दिवसभर."

अश्विनीने घाईघाईने स्वतःचा पट्टा मनगटातून ओढला. "आत्या, माझा घ्या."

"तुझा नको. त्याचा."

त्याने पट्ट्यावर दुसरा हात ठेवला. झाकला. लहानपणी खाऊ झाकायचा तसा. "आई, सीन करू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. बावीस वर्षं कोणी बघितलं नाही."

त्याने पट्टा काढला नाही.

मी थोडा वेळ थांबले. खोटं कशाला सांगू, थांबले. मग कार्ड उचललं. पिशवीतून तो काळा कॉश्च्युम काढून घेतला. बसण्णाला म्हणाले, "बरतेनप्पा," येते रे बाबा. आणि निघाले.

तनु गेटाबाहेर माझ्यामागे आली. डोळ्यांत पाणी. "आजी, मी येऊ तुझ्याबरोबर?" विचारलं, पण मान टँककडे वळलेली. नऊ वर्षांची पोर. समोर पाणी. मी म्हणाले, "जा, पोह." ती पळाली. मला वाईट वाटलं नाही. पोहणं तिचा गुन्हा नव्हे.

मॅजेस्टिकला बस बदलली. इथे बायकांना बस फुकट आहे, कार्ड दाखवायचं. कंडक्टरने कार्ड बघितलं, शून्याचं तिकीट फाडून दिलं. कांबळे वाचून त्याचं काही बिघडलं नाही. येलहंक्यापर्यंत मी खिडकीशी बसून आले, मांडीवर कॉश्च्युमची पिशवी.

घरी आले. फोटो अजून माझ्या खोलीत जमिनीवरच होता, मागच्या रविवारपासून. लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. ती चूक माझी. इतकी वर्षं तो माझ्या खोलीत येऊन बसायचा आणि मी आधण ठेवायचे. दोष काय एकट्या सिदूचा? मी ट्रे घेऊन दाराशी उभी राहिले म्हणून त्याला सोफ्यावर बसता आलं.

स्टूल घेतलं. वारली उतरवलं. फोटोची काच पदराने पुसली. लावला.

संध्याकाळी ती तिघं आली. केस ओले. सिदू फोटोकडे बघून आत गेला. जेवला नाही. मी जेवले.

मंगळवारी तनुची शाळा नव्हती. पालिकेच्या टँकवर बायकांची वेळ होती. मी आणि ती गेलो. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं, आडनावासकट. त्याने लिहून घेतलं, तिकिटं दिली. आत कपडे बदलायच्या खोलीत तो काळा कॉश्च्युम अंगावर चढवायला तनु आणि एक अनोळखी बाई, दोघी लागल्या. ती बाई म्हणाली, "अज्जी, पोट आत घ्या." मी म्हणाले, "घेतलंच आहे." सगळ्या हसल्या.

पाण्यात उतरले. आधी चार बोटं. मग गुडघे. मग कंबर. कोणी चावी बंद केली नाही.

गार होतं. मी बाजूचा पाइप धरून गळ्यापर्यंत गेले. पाण्याने छाती दाबली, श्वास लागला. पायाखाली फरशी बुळबुळीत होती. सवयीने अंगठ्याने खरवडून बघितलं. शेवाळ. दोन दिवस घासलेली नाही. शेजारून केसांचा गुंता वाहत गेला, एक जखमेची पट्टी गेली. घाण इथेही तीच. गौरीला सांगायला हवं. माणसं जिथे उतरतात तिथे माणसांची घाण असते, क्लबात असो नाहीतर इथे. फक्त इथे प्रत्येकाला ठाऊक असतं की ती आपली आहे.

"आजी, पाइप सोड," तनु म्हणाली.

"नाही सोडत. बुडेन."

"मी धरते ना."

"तू तुझी पोह. मी इथे उभी राहणार आहे." आणि उभी राहिले. वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत. तिथेच उभ्याने तिला सगळं सांगितलं. ब्रश, खापर, चार बोटं पाणी, वकिलाचे दात. दातांचं ऐकून तिने नाक मुरडलं. "शी! त्याने तेच घातले तोंडात?" म्हणाले, "तेच." मग तिने विचारलं, "पप्पांना ठाऊक आहे?" म्हणाले, "त्याला आधीपासून ठाऊक आहे. आता तुलाही आहे. तू लपवू नकोस."

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गौरीचा निरोप आला. झालं गेलं विसरू, पुढची ट्रिप ठरवू, रविवारी तुमच्याकडेच भेटू. खाली हसरे चेहरे. मोठ्या मनाची माणसं आहेत ना.

काल शनिवार. सिदूने स्टूल ओढलं, हॉलमध्ये खिळ्याखाली ठेवलं आणि वर चढला. मी डाळ निवडत बसले होते.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

"आई, फक्त उद्याचा दिवस."

"एक दिवसही नाही. त्यांना काय सांगायचं ते तू सांग. नाहीतर मी सांगते. मला कन्नड येतं, मराठीही येतं."

तो स्टुलावर तसाच उभा. हात वर, फोटोच्या चौकटीला. केवढा तरी वेळ. मग हात खाली घेतला. लाजेने घेतला की माझ्या भीतीने, मी विचारलं नाही. मला दोन्ही चालतं.

आज रविवार. फोटो खिळ्यावर आहे. दहाला ती येणार. चहा ज्याला प्यायचा त्याने फोटोखाली बसून प्यावा, नाहीतर जावं. आणि मी ट्रे घेऊन उभी राहणार नाही. समोरच्या खुर्चीत बसणार आहे. बेल वाजली की दार मीच उघडणार.